शीडनौकेच्या कॉकपिटमधील गाद्या : फोम, खोळ आणि बांधणी कशी ठरवावी

शीडनौकेवर सुकाणू धरणारा आणि शिडांचे दोर हाताळणारे साथीदार ज्या खोलगट, उघड्या भागात बसतात, त्याला कॉकपिट म्हणतात. तिथली बाके फायबरची असतात. ती कडक असतात, उन्हात तापतात आणि तास-दोन तासांत अंग अवघडून टाकतात. गादी हवी असे वाटू लागले की बहुतेक नौकामालक सोफ्याच्या गाद्या शिवणाऱ्या कारागिराकडे जातात, ‘वॉटरप्रूफ’ कापड आणि चांगला जाड फोम मागतात. एक पावसाळा उलटला की त्याच गाद्या बुरशीच्या वासाच्या जड गाठोड्यांसारख्या हाती येतात. यात कारागिराचा फारसा दोष नसतो, कारण त्याच्याकडे मागणीच चुकीची केलेली असते. कॉकपिटच्या गादीत पाणी कधी ना कधी शिरणारच. हे एकदा मान्य केले, म्हणजे ते शिरलेले पाणी लवकरात लवकर बाहेर कसे पडेल, एवढाच प्रश्न उरतो आणि फोमपासून चेनपर्यंत प्रत्येक गोष्टीची निवड त्या प्रश्नाच्या आधारे करता येते.

मुंबई बंदरातील परिस्थिती या दृष्टीने विशेष कठीण आहे. गेटवे ऑफ इंडियासमोर दिसणाऱ्या शीडनौका युरोप-अमेरिकेतल्या मरीनांप्रमाणे, म्हणजे खास नौकांसाठी बांधलेल्या तळांप्रमाणे, धक्क्याला लागून उभ्या नसतात. त्या पाण्यात बांधलेल्या असतात आणि त्यांच्यापर्यंत लहान होडीतून जावे लागते. तिथे गोड्या पाण्याचा नळ नाही, सावली नाही, आणि कावळे-कुरव यांची मात्र कमतरता नाही. ऑक्टोबर ते मे हा हंगाम म्हणजे सात-आठ महिने सलग ऊन, आणि त्यानंतरचे चार महिने म्हणजे ओलावा. गादी या दोन्हींना पुरून उरली पाहिजे.

पाणी कोणत्या वाटेने आत येते

रेक्झिनसारखे व्हिनाइलचा थर दिलेले कापड स्वतः पाणी आत सोडत नाही, हे खरे आहे. परंतु खोळ शिवताना सुईने प्रत्येक टाक्याला एक भोक पाडलेले असते आणि एका गादीच्या कडांवर अशी शेकडो भोके असतात. गादीवर माणूस बसतो तेव्हा फोम दबतो आणि आतली हवा त्या भोकांतून बाहेर पडते. माणूस उठतो तेव्हा फोम फुगतो आणि तीच भोके हवा आत ओढतात. गादीच्या कडेला पाणी साचलेले असेल, तर हवेऐवजी पाणीच ओढले जाते. थोडक्यात, बसणारा प्रत्येक माणूस नकळत पंप चालवत असतो. पाणी अशा रीतीने आत गेल्यावर मात्र त्याला बाहेर पडायला वाट नसते, कारण कापडातून वाफही जात नाही. ‘वॉटरप्रूफ’ खोळ पाणी अडवण्यापेक्षा पाणी कोंडून ठेवण्याचे काम अधिक चोख करते, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

दुसरी वाट मिठाची आहे आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. समुद्राचे पाणी वाळले तरी त्यातले मीठ कापडात आणि फोममध्ये राहते. हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतले बाष्प शोषून विरघळू लागते, आणि समुद्राच्या पाण्यातले मॅग्नेशियमचे क्षार तर त्याहून कमी आर्द्रतेतही ओलावा धरतात. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात आर्द्रता या मर्यादेच्या वर सहज असते, आणि इतर महिन्यांतही पहाटे ती तिथवर पोहोचते. म्हणूनच समुद्रावर भिजलेली गादी उन्हात कडकडीत वाळवली, तरी सकाळी ती पुन्हा दमट लागते. असा ओलावा ऊन दाखवून जात नाही. गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढावे लागते. ज्या गादीतून पाणी आरपार वाहू शकत नाही, ती गादी आतून धुताही येत नाही, हे येथे लक्षात घ्यावे.

फोम

घरातल्या गाद्यांमध्ये वापरतात तो पॉलियुरेथेनचा फोम उघड्या छिद्रांचा असतो; त्याच्या सूक्ष्म पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात आणि पाणी त्यांत पसरून अडकते. कॉकपिटच्या एका बाकावरची १२० सेंटिमीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद आणि ५ सेंटिमीटर जाड गादी घेतली, तर तिचे आकारमान २७ लिटर भरते. साधा फोम पूर्ण भिजला तर यातला बराचसा भाग पाण्याने व्यापला जातो, म्हणजे दीड-दोन किलोची गादी वीस किलोंच्या पुढे जाऊ शकते. हलत्या नौकेवरून ती उचलून लहान होडीत उतरवणे हे काम एकट्याने करण्यासारखे राहत नाही. हा फोम नौकेच्या आतल्या, कोरड्या राहणाऱ्या गाद्यांसाठी ठीक आहे. कॉकपिटमध्ये त्याला जागा नाही.

राहतात दोन पर्याय, आणि ते परस्परविरुद्ध तत्त्वांवर चालतात.

पहिला आहे बंद छिद्रांचा फोम. पॉलिएथिलीन, ईव्हीए किंवा पीव्हीसी आणि नायट्राइल रबर यांच्या मिश्रणापासून तो बनतो. यातली प्रत्येक पोकळी सर्व बाजूंनी बंद असल्यामुळे फोममध्ये पाणी शिरतच नाही. ते फक्त फोम आणि खोळ यांच्या मध्ये राहते. हा फोम हलका असतो, पाण्यावर तरंगतो आणि पाच सेंटिमीटर जाडीतही बसणाऱ्याचे वजन पेलतो. त्याचा दोष म्हणजे तो टणक लागतो. पॉलिएथिलीनचा स्वस्त फोम एकाच जागी वारंवार दाबला गेला की तिथे कायमचा खळगा पडतो आणि वर्षानुवर्षे उन्हात तापून तो थोडा आकसतोही. पीव्हीसी-नायट्राइलचा फोम महाग असतो, पण त्याला लवचीकपणा अधिक असतो. खाली टणक थर आणि वर मऊ थर असे दोन बंद छिद्रांचे फोम एकमेकांना चिकटवून घेणे ही जुनी आणि चांगली युक्ती आहे.

दुसरा आहे जाळीदार फोम. हाही पॉलियुरेथेनचाच, पण तयार झाल्यावर त्याच्या पोकळ्यांमधील पातळ पडदे उष्णतेच्या झटक्याने किंवा रसायनाने नाहीसे करतात आणि केवळ सांगाडा शिल्लक ठेवतात. यावर तांब्याभर पाणी ओतले तर ते चाळणीतून गेल्यासारखे खाली येते. बसायला हा बंद फोमपेक्षा बराच सुखावह असतो. मात्र तो मऊ असल्यामुळे साडेसात ते दहा सेंटिमीटर जाडी घ्यावी लागते, आणि खोळीची खालची बाजू जाळीची नसेल तर त्याचा काही उपयोग होत नाही. पॉलियुरेथेनमध्ये पॉलिएस्टर आणि पॉलिईथर असे दोन कुळांचे फोम येतात. उष्ण आणि दमट हवेत पॉलिएस्टर कुळाचा फोम पाण्याच्या रासायनिक क्रियेने हळूहळू कुजून भुगा होतो, पॉलिईथर कुळाचा अधिक टिकतो. आपल्या हवामानात विकत घेतानाच हे विचारून घ्यावे.

फोमच्या दुकानांत ‘बत्तीस डेन्सिटी’, ‘चाळीस डेन्सिटी’ असे आकडे सांगितले जातात आणि मोठा आकडा म्हणजे अधिक टणक अशी समजूत असते. तो आकडा एका घनमीटर फोमचे वजन किलोमध्ये सांगतो, म्हणजे त्यात माल किती आहे हे सांगतो. टणकपणा ही वेगळी मोजणी आहे. एकाच डेन्सिटीचे दोन फोम अगदी वेगवेगळे मऊ-टणक असू शकतात. तेव्हा आकड्यावर विसंबू नये. नमुन्याचा तुकडा लाकडी फळीवर ठेवून त्यावर दहा मिनिटे बसून पाहावे. फळी टोचू लागली तर नौकेचे बाकही टोचेल.

जाडी ठरवताना केवळ आरामाचा विचार करून चालत नाही. दहा सेंटिमीटरची गादी घातली की बसणारा तेवढाच वर येतो आणि पाठीला टेकणारी कॉकपिटची कड तेवढीच खाली जाते. लहान नौकेत ही कड मुळातच गुडघ्याएवढी असते. शिवाय शीड ताणून धरणारी आडवी दांडी, म्हणजे बूम, डोक्यावरून फिरते, तिच्यात आणि डोक्यात असलेले अंतरही कमी होते. माझ्या मते, ज्या नौकेवर खरोखर शीड उभारून सफर केली जाते, तिथे पाच सेंटिमीटरचा बंद छिद्रांचा फोमच योग्य. जाळीदार फोमची जाड गादी नांगरावर थांबून चहा घेणाऱ्यांसाठी आहे. दोन्ही करायचे असेल, तर सफरीसाठी पातळ गाद्या आणि नांगरावर वर ठेवायला एखादी जाड, असे करावे.

खोळ, दोरा आणि चेन

खोळीसाठी सर्वांत भरवशाचे कापड म्हणजे ज्याच्या धाग्यात रंग मुळातच मिसळलेला आहे असे ॲक्रिलिक. सामान्य कापड विणून झाल्यावर रंगवतात, त्यामुळे रंग पृष्ठभागावर राहतो आणि ऊन तो उडवते. या कापडात मात्र धागा तयार होण्यापूर्वीच द्रवरूप ॲक्रिलिकमध्ये रंग घालतात, त्यामुळे तो धाग्याच्या गाभ्यापर्यंत असतो. अमेरिकेतील ग्लेन रेव्हन कंपनीने १९६१ साली ‘सनब्रेला’ या नावाने ते बाजारात आणले आणि आज नौकांवरील बरीचशी आच्छादने याच प्रकारच्या कापडाची असतात. हे कापड पाणी झटकते, पण पूर्णपणे अडवत नाही. त्यातून वाफ जाऊ शकते, आणि वर सांगितलेल्या कारणांमुळे हा त्याचा गुणच समजला पाहिजे. घासण्याला ते फारसे दाद देत नाही, म्हणून ज्या कडेवर पाय घासतात तिथे दुहेरी कापड घ्यावे.

रेक्झिनबद्दल मत बनवण्यापूर्वी एप्रिलच्या दुपारी गडद निळ्या रेक्झिनवर उघडी पोटरी टेकवून पाहावी. त्याला मऊ ठेवणारे रसायन उन्हाने हळूहळू निघून जाते आणि मग ते तडकते. पुसून घ्यायला सोपे, माशांचे डाग धरत नाही, स्वस्त आहे, या गोष्टी खऱ्या आहेत. मासेमारीच्या होडीवर बंद छिद्रांच्या फोमवर ते शोभतेही. व्हिनाइलचा थर दिलेल्या पॉलिएस्टरच्या धाग्यांची विणलेली जाळी, जिचे ‘फायफरटेक्स’ हे एक परिचित नाव आहे, खोळीच्या खालच्या बाजूला लावण्यासाठी उत्तम. तिच्यातून पाणी निथळते आणि ती फायबरच्या बाकावर सहसा घसरत नाही, ही दोन्ही कामे एकाच कापडात होतात. सुती कापड आणि सुती दोरा यांचा विचारही करू नये, ते कुजतात. नायलॉन मजबूत असला तरी उन्हात पॉलिएस्टरपेक्षा लवकर कमजोर होतो.

बहुतेक खोळी कापड फाटून नव्हे, तर शिवण उसवून निकामी होतात, कारण दोरा कापडापेक्षा आधी उन्हाला हरतो. म्हणून उन्हाला टिकण्यासाठी प्रक्रिया केलेला जाड पॉलिएस्टरचा दोरा मागावा. ‘टेनारा’सारखा पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) दोरा उन्हाने जवळजवळ बिघडत नाही, पण तो फार महाग असतो, आणि नको तेव्हा गाद्या आत ठेवण्याची सवय असेल तर त्याची गरज पडत नाही. शिवणीवर पायपिंग, म्हणजे दोरीवर कापड गुंडाळून केलेली उठावदार कड, लावण्याचा मोह टाळावा; दिसायला सुबक असले तरी त्याच्या कडेला पाणी आणि मळ साचतो, आणि तिथेच पहिला दोरा तुटतो.

चेन जाड दातांची, मोल्ड केलेल्या प्लास्टिकची असावी आणि तिची खिट्टीही प्लास्टिकची असावी. ॲल्युमिनियमची चेन खाऱ्या हवेत पांढरी पडून जाम होते, पितळेची हिरवी पडते. ती गादीच्या मागच्या, बाकाच्या पाठीकडील कडेला बसवावी आणि दोन्ही कोपऱ्यांभोवती थोडी वळवून घ्यावी, म्हणजे न वाकणारा बंद छिद्रांचा फोम आत घालताना कारागिराला आणि पुढे आपल्याला त्रास होत नाही. मऊ फोम खोळीपेक्षा साधारण अर्धा इंच मोठा कापतात, त्यामुळे खोळ ताणलेली राहते; बंद छिद्रांचा फोम दबत नसल्यामुळे तो मात्र मापाइतकाच कापावा.

मापे घेताना फूटपट्टीवर भरवसा ठेवू नये. कॉकपिटची बाके क्वचितच काटकोनी असतात आणि डावी बाजू उजव्या बाजूसारखी असेलच असे नाही. जाड प्लास्टिकचा कागद बाकावर पसरून कडा पेनाने आखून घ्याव्यात. कागदावर ‘डावे, पुढचे टोक, वरची बाजू’ असे लिहून ठेवावे. बाकांच्या कडेने पाणी वाहून जाण्यासाठी पन्हळ असतात. गादीने त्या झाकू नयेत, म्हणून गादी बाकापेक्षा सर्व बाजूंनी बोटभर आत ठेवावी. बाकाखाली सामान ठेवण्याचे कप्पे असतात आणि बाकाचा काही भाग म्हणजे त्या कप्प्याचे झाकण असते. गादीचा जोड झाकणाच्या फटीवरच आला पाहिजे. हे चुकले तर घाईच्या वेळी, आतला दोर किंवा पंपाचा दांडा हवा असताना, दोन माणसांना उठवून अख्खी गादी बाजूला करावी लागते.

वाऱ्यात गादी जागेवर ठेवणे

येथे थोडा हिशेब उपयोगी पडतो. २० नॉट वारा, म्हणजे सेकंदाला सुमारे १० मीटर वेगाची हवा, एका चौरस मीटरवर ढोबळमानाने ६४ न्यूटन एवढा दाब टाकते. वर घेतलेल्या गादीचे क्षेत्रफळ ०.५४ चौरस मीटर आहे. वारा तिच्या कडेखाली शिरला तर तिला उचलणारा जोर सुमारे ३५ न्यूटन, म्हणजे साडेतीन किलो वजनाएवढा होतो. गादीचे वजन दीड-दोन किलो. उरलेला हिशेब गादी स्वतःच पूर्ण करते आणि पाण्यात जाते. ३० नॉटला हाच जोर सव्वादोन पट होऊन आठ किलोंच्या घरात जातो, कारण वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे बांधणी प्रचंड मजबूत असण्याची गरज नाही, पण ती सर्व कडांना असणे आवश्यक आहे.

सर्व कडांना का, याचे उत्तर पुन्हा मुंबई बंदरात सापडते. बांधलेली नौका वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते, तेव्हा गादीची पुढची कड पक्की केली की पुरे, असे पुस्तकी गृहीत आहे. परंतु उधाणाच्या दिवसांत मुंबईला पाण्याची पातळी चार मीटरच्या आसपास वर-खाली होते आणि त्यामुळे येणारा प्रवाह जड कील, म्हणजे तळाखाली उतरलेला वजनदार कणा, असलेल्या नौकेला वाऱ्याऐवजी आपल्या दिशेने फिरवतो. दुपारचा वायव्येचा वारा मग कधी बाजूने, कधी पाठीमागून कॉकपिटमध्ये शिरतो.

बांधणीचे सर्वांत रुळलेले साधन म्हणजे टिचबटण. गादीला शिवलेल्या कापडी पट्टीवर त्याची वाटी आणि नौकेवर त्याचा खुंट. खुंट बाकाच्या सपाट भागावर कधीही लावू नये. गादी काढल्यावर तो बसणाऱ्याला टोचतो आणि दोर त्यात अडकतो. बाकाच्या पाठीच्या उभ्या भागावर तो लावावा. ३१६ जातीचे स्टेनलेस स्टील घ्यावे. स्वस्त बटणांवर निकेलचा मुलामा असतो आणि तो गेला की आतले पितळ चिकटून बसते. टिचबटण कडेने ओढले की सुटते, आणि वारा नेमका कडेनेच ओढतो; म्हणून जिथे जोर अधिक येतो तिथे एकाच बाजूने उघडणारी बटणे मिळतात, ती वापरावीत.

खुंटासाठी भोक पाडण्यापूर्वी मात्र थांबावे. पुष्कळ नौकांच्या डेकमध्ये आणि बाकांमध्ये फायबरच्या दोन थरांच्या मध्ये बाल्सा या हलक्या लाकडाचा गाभा असतो. स्क्रूच्या भोकातून झिरपलेले पाणी तो गाभा कुजवते, आणि एका गादीसाठी पाडलेली आठ भोके पुढे अख्खे बाक बदलण्याची वेळ आणू शकतात. भोक पाडायचेच असेल तर ते आधी मोठे पाडून, इपॉक्सीने (कडक होणाऱ्या राळेने) भरून, सुकल्यावर त्यात लहान भोक घ्यावे आणि खुंटाखाली ब्यूटाइलसारखे सीलंट लावावे. खुंट चिकटवण्याचीही सोय असते. पृष्ठभाग स्पिरिटने पुसून, चिकटवल्यावर किमान एक दिवस त्यावर ताण न देता ठेवला तर ते चांगले टिकतात. मला हा मार्ग अधिक पसंत आहे.

वेल्क्रो स्वस्त आणि सोपा आहे, पण त्याच्या आकड्यांत मीठ, वाळू आणि लोकरीचा कचरा भरत जातो आणि पकड ढिली होते. चिकटपट्टीचा वेल्क्रो कापडावर टिकत नाही, उन्हाने त्याचा गोंद वितळतो आणि शिवायला गेले तर सुईला गोंद चिकटतो. कापडावर बिनगोंदाचा वेल्क्रो शिवावा. खरखरीत आकड्यांची बाजू गादीच्या तळाला आणि मऊ बाजू नौकेवर ठेवावी, म्हणजे गाद्या आत नेल्यावर उघड्या बाकावर बसणाऱ्याचे पाय खरचटत नाहीत.

कप्प्याच्या झाकणावरच्या गादीसाठी एक बिनभोकाची युक्ती आहे: गादीला शिवलेला पट्टा झाकणाखालून घेऊन बकलने आवळणे. यात पट्ट्याच्या जाडीमुळे झाकण रबराच्या पट्टीवर नीट बसत नाही आणि कप्प्यात पाणी जाऊ शकते, हे तपासून घ्यावे. खळखळत्या समुद्रावर उघडे राहिलेले झाकण ही किरकोळ बाब नाही. याशिवाय प्रत्येक गादीला एक पितळी आयलेट (कापडात बसवलेली धातूची कडी) लावून त्यातून हातभर बारीक दोरी नौकेच्या कड्याला बांधावी. बटणे सुटली तरी गादी हरवत नाही. दोरी याहून लांब ठेवू नये, ती पायात येते.

बांधणी कितीही चांगली असली, तरी एका हाताने, न पाहता सुटेल इतकी ती सोपी असावी. नौका एका बाजूला कलते तेव्हा माणसे समोरच्या बाकावर पाय रोवतात, आणि त्या वेळी पायाखाली सरकणारी गादी धोक्याची असते. वारा वाढू लागला, शीड लहान करण्याची वेळ आली, की त्याआधीच गाद्या आत टाकाव्यात.

बंद छिद्रांची गादी पाण्यात वीस किलोंहून अधिक वजन तारते, त्यामुळे कोणी पाण्यात पडले तर ती ताबडतोब त्याच्याकडे फेकावी. तिच्यामुळे त्याला आधारही मिळतो आणि लाटांमध्ये जागाही दिसते. पण ती लाइफजॅकेट नव्हे. १५० न्यूटनचे लाइफजॅकेट त्याहून कमी वजन तारत असले तरी बेशुद्ध माणसाचे तोंड पाण्यावर ठेवण्याच्या दृष्टीने त्याची रचना असते. गादी धरून ठेवायला हातांत शक्ती लागते.

नौकेवर नळ नसला तरी परतताना प्रत्येक गादीवर दोन बाटल्या गोडे पाणी ओतणे शक्य असते, आणि मिठाच्या दृष्टीने तेवढ्याचाही फरक पडतो. ॲक्रिलिकची खोळ सौम्य साबण आणि कोमट पाण्याने धुवावी. कडक उष्णता आणि इस्त्री टाळावी. मे महिन्याच्या अखेरीस नौका आवरताना खोळी काढून धुवाव्यात, फोम गोड्या पाण्याखाली धरून, निथळवून, सावलीत पूर्ण वाळवावा आणि खोळ न घालता, भिंतीपासून थोडा दूर, उभा करून ठेवावा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नये. चेनीच्या दातांवर मेणबत्ती फिरवून ठेवली, तर ऑक्टोबरात ती न अडकता उघडते.